भरावाला एक पाऊस

मी चौथी शिकलो. पाचवीची शाळा लांब होती आणि बापाला घरात हात हवे होते. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं. तलासरीकडे, झरीच्या पुढे आमचा पाडा. तिथून डहाणूपर्यंत, बंदरपट्टीत, तिकडे गुजरातच्या हद्दीतसुद्धा माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत. भिंत कोणीही बांधतो. मला लोक बोलवायचे ते वेळ विचारायला. काय कधी काढायचं ते ह्याला कळतं, असं म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं.

कौलं वैशाखात उतरवून झाडायची आणि परत चढवायची. बांबू अवसेच्या अलीकडे, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, चांदण्यात तोडला की भुंगा वर्षात त्याचं पीठ करतो. कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या लागतात त्या दिवाळीनंतरच्या. विहीर वैशाखाच्या शेवटाला खणायची, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा. भादव्यात खणली तर कमरेएवढ्या खड्ड्यात पाणी लागतं, मूर्ख माणूस नारळ फोडून मोकळा होतो आणि होळीला कोरड्या खड्ड्यात वाकून बघतो. उन्हाच्या कडाक्यात गिलावा करायचा नाही, केसासारख्या भेगा पडतात. झाडं मात्र मिरगानंतर लावायची, तिथे माणसाने शहाणपणा करू नये.

आणि भरावाला एक पाऊस दाखवायचा. उतारावर दगडाचा गडगा घालून आत मुरूम-माती भरली, जमीन वर उचलली, की त्यावर लगेच बांधायला घ्यायचं नाही. एक पावसाळा ती माती पाणी पिते, खाली बसते, मग तिची जमीन होते. ज्या कडियाच्या, म्हणजे गुजराती गवंड्याच्या, हाताखाली मी शिकलो, त्याने मला हे दोन थोबाडीत मारून शिकवलं होतं.

ह्या एका नियमापायी माझ्या बायकोला शेवटपर्यंत घरचा संडास मिळाला नाही. दुसरं कोणी हे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

२०१४ च्या पावसात तिचा खुबा धरला. तोवर ती बंदराकडच्या वाड्यांवर चिकू तोडायला जायची. डहाणूच्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, हाड झिजलंय, उकिडवं बसायचं नाही, चढउतार करायचा नाही. ती हसली. आमचं घर टेकाडावर, मागे ओहोळापर्यंत उतार, आणि सगळ्या पाड्याची सकाळची जागा ओहोळाच्या पलीकडे. चढउतार करायचा नाही तर माणसाने काय करायचं, हे डॉक्टरने लिहून दिलं नव्हतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, मागच्या दाराला लागून न्हाणी आणि खुर्चीचा संडास बांध. त्याआधी तिने माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर मला आठवत नाही. मी मागच्या दारात उभा राहिलो, उतार बघितला आणि गवंड्यासारखं बोललो. म्हटलं, इथे गडगा लागेल, भराव लागेल. उन्हाळ्यात भराव करू, एक पाऊस खाऊ दे, पुढच्या दिवाळीनंतर बांधू. ती बरं म्हणाली. लोकांची घरं मी अशीच वेळ बघून बांधायचो, ते तिने जन्मभर बघितलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी नरपडला गुंतलो. मुंबईच्या एका शेठने समुद्राजवळ वाडी घेतली होती आणि बंगला, कंपाउंड, बाग सगळं एकदम काढलं होतं. तो चांगला माणूस होता, विचारायचा. मिस्त्री, लॉन कधी? मी सांगायचो, आषाढात, आता लावलंत तर टँकरने पाजावं लागेल. मिस्त्री, रंग? दसऱ्यानंतर, भिंती सुकू द्या, इथे हवा खारी आहे. नारळ कुठे आणि कलमं कुठे, फरशीच्या वाटेला उतार कुठल्या बाजूला, पाणी साचलं तर विहिरीकडे कसं काढायचं, सगळं मी सांगितलं आणि त्याने ऐकलं. त्या वाडीत एक काम अवेळी झालं नाही. दोन वर्षांत अशी बाग उठली की रस्त्याने जाणारी माणसं फाटकाशी थांबायची. मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू.

माझ्या घरामागचा उतार तसाच राहिला. पाऊस तोंडावर आला तेव्हा मी तिला म्हटलं, आता माती टाकली तर वाहून जाईल. तेही खरंच होतं.

गणपतीच्या सुमारास शेठने गवत काढायला बाया सांगितल्या, तेव्हा ती माझ्याबरोबर आली. तिच्याने बसवत नव्हतं, तरी आली, तिला ती बाग बघायची होती. आधी जीप, मग एसटी, मग रिक्षा, असं करत पोचलो. बाग तिने बघितली. मग मागच्या बाजूला माळ्यासाठी बांधलेली न्हाणी आणि संडास बघितला. पांढऱ्या लाद्या, पाण्याचा नळ, आतून कडी. ती दारात उभी राहून बराच वेळ आत बघत होती.

"हे पण भरावावर आहे ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग ह्याने कधी पाऊस खाल्ला?"

मी तिला समजावलं की इथे मशीन आणलं होतं, थराथराने पाणी मारून रोलर फिरवला, म्हणून थांबावं लागलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे थांबायचं ते गरिबाच्या मातीने." आमच्यात बायको नवऱ्याला अरेतुरे करते आणि टोचूनही बोलते, त्यात काही वावगं नाही. मी हसलो. बरोबरच्या बायाही हसल्या. परतीच्या एसटीत तिला जागा मिळाली नाही, ती एका पायावर भार देऊन तलासरीपर्यंत उभी होती.

पुढच्या वर्षी मी चुकलो नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात गडगा घातला. दगड ओहोळातलेच. मुरूम आणला, मुलाने आणि मी भरला. मुलगा वापीला कंपनीत असतो, सुट्टीच्या दिवशी यायचा. धुम्मस घेऊन मी स्वतः चोपला. पाऊस पडला आणि भराव वीतभर खाली बसला. मी तिला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, बांधलं असतं तर सगळं मधून फाटलं असतं. ती म्हणाली, "बरोबर असतोस तू. नेहमीच असतोस." तेव्हा मला ती शाबासकी वाटली.

त्या पावसाळ्यात ती ओहोळाकडे काठी घेऊन जायची. एका हातात काठी, एका हातात डबा. निसरडं असलं की थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, तिला धरून न्यायची. घाण गोष्ट आहे, कोणी लिहीत नाही. पण बाईमाणसाचा निम्मा जीव त्यातच जातो. ती दुपारनंतर पाणी प्यायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, तहान नाही.

दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं. मी भरावावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. इथे न्हाणी, इथे संडास, इथे दार. ती रेघांच्या आत जाऊन उभी राहिली, हात पसरून भिंती कुठे येतात ते बघितलं. म्हणाली, खिडकी ओहोळाच्या बाजूला नको, ते बघायचं नाही मला. मी खिडकी बदलली.

आठवड्याने, मार्गशीर्षात, थोरला भाऊ गेला. खळ्यावर बसला होता, तसाच आडवा झाला. आमच्या भावकीत कर्ता माणूस गेला की वर्षाचं होईपर्यंत कोणी नवं जोतं चढवत नाही. कोणी सांगावं लागत नाही. मी फावडं उचलून माळ्यावर टाकलं.

दहा-बारा दिवसांनी भाकरी थापताना ती म्हणाली, "भाऊ गेला तर रडू. मी पण रडले. पण त्याला माझ्या संडासाचं काय?"

मी तिच्यावर ओरडलो. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, वगैरे. वहिनी तिथेच बसली होती. ज्या बाईचा नवरा गेला तीच म्हणाली, बांधा भाऊजी, त्याला राग यायचा नाही, आला तर मी बघते. तिच्या बोलण्यावर दोघी हसल्या, रडत रडत हसल्या. मी बांधलं नाही. चार लोक काय म्हणतील असं मला वाटलं. ते चार लोक कोण, ते आज मला सांगता यायचं नाही.

फक्कीच्या रेघा पहिल्याच वळवात गेल्या. भरावाने आणखी एक पाऊस खाल्ला. आता त्यावर गवत आलं होतं, आमची शेळी चरायची.

ह्याच पावसाळ्यात, २०१७ च्या आषाढात, सरकारी संडास आले. यादीत आमचं नाव होतं. ठेकेदाराचा माणूस टेम्पोत विटा आणि पत्रे घेऊन पाड्यावर आला. दोन दिवसांत एक, असं त्याचं गणित. भर पावसात खड्डे खणत होते, खड्ड्यात पाणी, पाण्यातच विटा लावत होते. मला ते बघवेना. तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, काका, जागा दाखवा. मी म्हटलं, ही काय वेळ आहे? आषाढात कोणी शोषखड्डा खणतं का? तो म्हणाला, काका, आम्हाला महिना नसतो, टार्गेट असतं. मी म्हटलं, मी स्वतः मिस्त्री आहे, माझ्या घरी असलं काम नको. त्याने ‘नको’ लिहून नावापुढे माझा अंगठा नाही, सही घेतली. सही मी झोकात केली.

ती आत चुलीपुढे होती. सगळं ऐकलं होतं.

महिन्याभरात पाड्यातले निम्मे संडास तुंबले. वहिनीचा खड्डा काठोकाठ भरला, भांडं एका बाजूला कललं. मी बायकोचा हात धरून तिला तिकडे नेलं, मुद्दाम नेलं. म्हटलं, बघ. हे तुझ्या दारात झालं असतं.

तिने कललेलं भांडं बघितलं, गळका पत्रा बघितला.

"दार तरी आहे त्याला," ती म्हणाली.

मग माझा हात सोडून काठी टेकत एकटीच घरी गेली. त्यानंतर तिने न्हाणीचं नाव काढलं नाही. मी काढलं तर म्हणायची, तुझं तू बघ.

मार्गशीर्षात भावाचं वर्ष झालं. पुढे लगेच पौष लागला. पौषात पाया कोणी काढत नाही, एवढं तर नरपडचा शेठसुद्धा पाळायचा. मी म्हटलं, तीन वर्षं थांबलो, आता एक महिना. विटा आणून ठेवल्या. रेती मिळत नव्हती, ती ओळखीने मिळवली. माघाची वाट बघत बसलो.

पौषातच ती अंथरुणाला लागली. खुब्याचं नव्हतंच ते, किंवा नुसतं खुब्याचं नव्हतं. डहाणूहून वलसाडला पाठवलं. तिथे मोठ्या मशीनमध्ये घातलं. डॉक्टर गुजरातीत बोलला, मला गुजराती चांगलं कळतं, तरी मी मुलाला म्हटलं, काय म्हणतो? मुलगा म्हणाला, हाडांत पसरलंय. किती दिवसांपासून, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. माघ आणि फाल्गुन तिकडेच गेले. होळीनंतर तिला घरी आणलं, घरी न्या म्हणाले म्हणून.

दवाखान्यात संडास होता. तेवढे दिवस ती पोटभर पाणी प्यायली.

घरी आली तेव्हा धरून चार पावलं टाकता येत होती. मागच्या दारापासून भरावापर्यंत चारच पावलं होती. मी दुसऱ्या दिवशी फावडं काढलं. चैत्राचं ऊन, दुपारी विटेला हात लागत नव्हता. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं मी केलं. पाया हातभर घ्यायचा तो वीतभर घेतला. भिंती चार इंची. वीट भिजवायला वेळ दिला नाही. सकाळी बांधलेल्या भिंतीवर संध्याकाळी गिलावा मारला. पाणी मारायला मुलाची बायको हंडे वाहत होती, पण त्या उन्हात पाणी भिंतीला लागायच्या आधी वाफ व्हायचं. पाड्यातली माणसं येऊन बघून जायची. एकजण म्हणाला, मिस्त्री, ही काय वेळ आहे? मला माझेच शब्द ऐकू आले. मी त्याला आईवरून शिवी दिली.

तिची खाट मी मागच्या दाराशी ओढली होती. ती पडून बघायची. मी भिंतीला लेव्हल लावत बसलो की म्हणायची, वाकडी राहू दे, मला काय तिच्यावर कौलं चढवायचीत? पत्रा चढला. दार बसलं. खिडकी ओहोळाच्या उलट बाजूला. शेवटी खुर्चीचं भांडं बसवलं, सिमेंटमध्ये पक्कं केलं, भोवती लाद्या लावल्या. हात धुतले आणि तिच्यापाशी आलो.

तिने विचारलं, "आज?"

मी म्हटलं, "तीन दिवस. सिमेंट धरू दे, नाहीतर भांडं हलेल."

माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. सगळ्या कामांत हेच सांगत आलो होतो. तिने मान हलवली. फळी टाकून, भांड्यावर जोर न देता, मी तिला धरून बसवू शकलो असतो. एक दिवस, एक वेळ. भांडं हललं असतं तर परत बसवलं असतं, मी मिस्त्री आहे, मला काय अवघड होतं? हे मला त्याच वेळी माहीत होतं. तरी मी तीन दिवस म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला उठून बसता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि मुलाने तिला उचलून नेऊ म्हटलं, तर हात लावताच ती कळवळली. डोळ्यांनीच नको म्हणाली. पुढे सगळं खाटेवरच. ते सगळं मी केलं, वहिनीने केलं. पंधरवडा गेला नाही, ती गेली.

तिच्या दिवसांना मुलगा म्हणाला, बाबा, तिने बघितलं तरी. त्याला बरं वाटायला तो तसं म्हणतो. माळ्याची न्हाणीसुद्धा तिने बघितलीच होती.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. आधी तोफेसारखा आवाज, मग भांडी वाजायची. तलासरी-डहाणू सगळीकडे तेच. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला लागले. मी आतच असायचो, मला बाहेर यायचं कारण सापडत नव्हतं. पक्क्या घरांना भेगा पडल्या. कुडाच्या घरांना काही झालं नाही, कुड हलतो आणि थांबतो.

२०१९ च्या सुरुवातीला तलाठ्याबरोबर दोघं माणसं भेगा लिहून घ्यायला आली. ज्याचं नुकसान, त्याचा अर्ज. आमच्या घरामागे आले. न्हाणीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक भेगा, जाळं पसरल्यासारख्या. त्यातला एक तरणा होता, मोबाइलवर फोटो काढत म्हणाला, काका, ही भूकंपाची ना?

मुलगा मागे उभा होता, हो म्हणा अशी त्याने खूण केली. वहिनीही म्हणाली, हो म्हणा भाऊजी, सगळे म्हणतायत.

मी म्हटलं, "नाही. ही आधीची आहे. अवेळी बांधली."

त्याने विचारलं, कोणी बांधली?

मी म्हटलं, मी.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तलाठ्याकडे बघितलं. तलाठी म्हणाला, नुकसान नाही लिहा. त्याने लिहिलं. मुलगा पाय आपटत आत गेला. ती माणसं गडग्यावरून खाली उतरून पुढच्या घराकडे गेली. उतरायच्या आधी त्यातला एकजण भरावावर पाय आपटून बघत दुसऱ्याला म्हणाला, ह्याची जमीन मात्र पक्की आहे, जरासुद्धा हललेली नाही.